गोंगाटाचा धडा

रेडिओचा काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर लागते, तिच्याविषयी कुणी कधी बरे बोलल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्यापायी कपाळाला आठ्या घातल्या, "बंद करा आधी तो आवाज" असे हुकूम स्वयंपाकघरातून सुटले, आणि यंत्रे बनवणाऱ्यांनी तर तिला कायमची गप्प करण्याच्या युक्त्या शोधून काढल्या. आजच्या मोटारीतला रेडिओ एका स्टेशनावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो. मधला मुलूख ऐकूच येत नाही. या शतकात जन्मलेल्या पुष्कळ मुलांना त्यामुळे ती खरखर ठाऊकही नसेल. आमच्या भागातल्या जुन्या मंडळींना ती चांगली ठाऊक आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका पिढीने पावसाळी रात्री त्या केंद्राचा आवाज पकडण्यासाठी या खरखरीशी मनगटाने आणि खुंटीने झुंज घेतलेली आहे.

परंतु हीच खरखर मुद्दाम नोंदवून ठेवणारे, तिचे माप घेणारे आणि त्या मापासाठी रात्री जागवणारे लोकही जगात आहेत. वर्षभर या सदरात भाषेचे आणि पुस्तकांचे दळण दळून झाले. दिवाळीच्या अंकात थोडा निराळा फराळ वाचकांपुढे ठेवावा, म्हणून यंदा या लोकांविषयी चार शब्द.

त्यांतला एक आमचा जुना विद्यार्थीच आहे. मराठीच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि खिडकीबाहेर पाही. आता भंडाऱ्यातच नोकरी करतो आणि संध्याकाळी गच्चीवर तारा ताणून बसतो. त्याच्याजवळ अंगठ्याएवढे एक यंत्र आहे. मुळात ते संगणकावर टेलिव्हिजन पाहण्यासाठी विकायला आलेले. पण २०१२ च्या सुमारास परदेशातल्या काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले, की या यंत्रातून चित्राऐवजी एरियलवर आलेला कच्चा मालच बाहेर काढता येतो. तेव्हापासून जगभरच्या हौशी लोकांनी त्याला 'आरटीएल-एसडीआर' या नावाने डोक्यावर घेतले. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ.

जुन्या रेडिओच्या पोटात तारांची वेटोळी, धारित्रे आणि व्हॉल्व्ह असत. हवे ते स्टेशन निवडणे, बाकीचे अडवणे, त्यातून गाणे वेगळे काढणे ही सारी कामे हे घटक करीत. नव्या पद्धतीत एरियलवर जे येईल त्याचे यंत्र फक्त आकडे करते, आणि पुढची निवडानिवड संगणकातला कार्यक्रम करतो. हे लहानसे यंत्र एका सेकंदात २४ लाख वेळा माप घेते आणि दर मापाचे दोन आकडे लिहिते. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यानचा. म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट झाले. तासाभराची नोंद १७ गिगाबाइटच्या वर जाते. एवढ्या जागेत आपल्या महाविद्यालयाचे सबंध ग्रंथालय आरामात मावेल!

या आकड्यांची गंमत अशी, की त्यांत एकच स्टेशन नसते. त्या वेळी त्या पट्ट्यात हवेत जे जे काही होते, ते सगळे असते. त्यामुळे काल संध्याकाळी नोंद करून ठेवावी आणि आज सकाळी चहा घेताना त्या कालच्याच संध्याकाळची खुंटी पिळत बसावे, हे आता शक्य झाले आहे. काल ऐकायचे राहिलेले स्टेशन आज लावता येते. गेलेली वेळ परत येत नाही असे आपण विद्यार्थ्यांना सांगत आलो. निदान रेडिओपुरती ती पुन्हा ऐकता येते.

आम्हांला वाटले, एवढे हाती आल्यावर हा मनुष्य आधी दूरदूरची स्टेशने धुंडाळीत असेल. त्याने तसे काही केले नाही. तो म्हणाला, "सर, आधी धडा करावा लागतो."

मराठीच्या अध्यापकाला हा शब्द ऐकून कान टवकारावे लागले. धडा म्हणजे पाठ्यपुस्तकातला पाठ, हे झाले शाळेतले. पण बाजारात धडा वेगळा. तेल किंवा तूप घ्यायला आपण आपले भांडे घेऊन गेलो, की दुकानदार आधी ते रिकामे भांडे एका पारड्यात ठेवतो आणि दुसऱ्या पारड्यात वजने किंवा खडे टाकून काटा मध्यावर आणतो. भांड्याचे वजन असे फेडून घेणे, याला धडा करणे म्हणतात. पितळी भांड्यांसाठी नाव असलेल्या भंडाऱ्यात तर हा शब्द जड वाटायला नको. इथले भांडेच कधीकधी आतल्या तेलाहून जड भरते. धडा केल्यावाचून तोललेले तेल घेऊन घरी गेलो, तर पितळेचे पैसे तेलाच्या भावाने मोजले असे व्हायचे. रेडिओतही तेच आहे. कानावर येणाऱ्यातले स्टेशन किती आणि गोंगाट किती, हे ठाऊक नसेल, तर "मी अमके ऐकले" या बोलण्याला किंमत नाही.

इंग्रजी विज्ञानाने या सगळ्याला एकच शब्द वापरला आणि आपण त्याचे भाषांतर कधी गोंगाट, कधी कोलाहल असे करतो. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. खरखर वेगळी, कडकड वेगळी, घरघर वेगळी आणि गुणगुण वेगळी. हे भेद केवळ कवींच्या सोयीचे नाहीत, हे पाहायचे असेल तर कार्ल जान्स्की या अमेरिकन अभियंत्याची गोष्ट पाहावी. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी टेलिफोन चालवताना संभाषणात खरखर फार येई. ती कुठून येते ते शोध, असे काम बेल प्रयोगशाळेने त्याला दिले. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेल येथे चाकांवर फिरणारे एक लांबलचक एरियल उभारले आणि महिनोन्महिने नोंदी घेतल्या. त्याला तीन प्रकार सापडले. जवळच्या वादळांची कडकड, दूरच्या वादळांचा अस्पष्ट गडगडाट, आणि तिसरी एक बारीक, सतत चालणारी सुसकारी. पहिल्या दोन प्रकारांवर अहवाल लिहून त्याचे काम संपले असते. पण ही तिसरी सुसकारी रोज चार मिनिटे आधी कळसाला पोचे. सूर्याचा दिवस २४ तासांचा. ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा. सुसकारी ताऱ्यांच्या घड्याळाने चालत होती. १९३३ साली जान्स्कीने जाहीर केले, की हा आवाज आपल्या आकाशगंगेतून येतो. टेलिफोनच्या तक्रारीतून रेडिओ-खगोलशास्त्र जन्माला आले, ते एका माणसाने गोंगाटाची नीट वर्गवारी केली म्हणून.

आकाशातला गोंगाट एक. वस्तूंच्या अंगचा गोंगाट दुसरा. कोणतीही वस्तू जोवर गार होऊन अगदी गोठत नाही, तोवर तिच्यातले विजेचे कण धावपळ करीत असतात आणि त्या धावपळीची खरखर तारेत उमटते. जॉन्सन याने ती मोजली आणि नायक्विस्ट याने तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ सालचे. साध्या खोलीच्या उष्णतेला, एका हर्ट्झइतक्या अरुंद फटीत, हा गोंगाट किती असतो? एका वॉटचे हजार अब्ज अब्ज भाग केले, तर त्यांतले चार भाग. आकडा हास्यास्पद वाटेल, पण तो टळत नाही. शिवाय फट जितकी रुंद कराल तितका तो वाढतो. दहापट रुंद फट, दहापट गोंगाट. खिडकी उघडी टाकली की वाऱ्याबरोबर रस्त्यावरची धूळही त्याच मानाने आत येते, तसेच हे आहे. म्हणून गोंगाटाचा आकडा सांगताना किती रुंदीच्या पट्ट्यात तो मोजला, हे सांगितलेच पाहिजे.

आता माप कसे घ्यायचे? नोंदलेल्या आकड्यांवर गणित करून त्या सबंध पट्ट्याच्या हजार-दोन हजार बारीक चकत्या पाडतात आणि प्रत्येक चकतीत किती शक्ती आली ते पाहतात. काही चकत्यांत स्टेशने असतात, त्या उंच दिसतात. बाकीच्यांत निव्वळ खरखर. कोणालाही वाटेल की सगळ्यांची सरासरी काढली म्हणजे झाले. इथेच फसगत आहे, आणि ती समजावून सांगायला आमच्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. भंडाऱ्यात पूर्वी मालगुजार असत. त्यांच्या काळातले तलाव आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून धानाला पाणी देतात. समजा, एका गावात १०० घरे आहेत. ९९ घरी दोन-दोन एकर जमीन आणि मालगुजाराच्या घरी १,००० एकर. सरासरी काढली तर दर घरी जवळजवळ १२ एकर येतात. पण १२ एकरांचे एकही घर त्या गावात नाही! हीच घरे जमिनीच्या मानाने ओळीत उभी केली आणि बरोबर मधल्या घराला विचारले, तर उत्तर येते दोन एकर. गावाची खरी स्थिती त्या मधल्या घराला ठाऊक असते.

रेडिओच्या चकत्यांत मोठी स्टेशने म्हणजे मालगुजार. म्हणून गोंगाट मोजणारे सरासरी सोडून मधली चकती धरतात. गणिताच्या भाषेत तिला मध्यक म्हणतात. अर्थात अर्ध्याहून अधिक गाव मालगुजारांचेच असेल, तर मधले घरही खोटे सांगेल. मोठ्या शहरातल्या एफएमच्या गर्दीत असे होऊ शकते, आणि तिथे निराळी युक्ती करावी लागते.

दुसरी गोष्ट धीराची. खरखर ही जातीचीच अस्थिर. या क्षणी वर, पुढच्या क्षणी खाली. एका मापावर विश्वास ठेवता येत नाही. मापे शंभरपट घेतली, तर त्यांच्या सरासरीतला डळमळीतपणा दसपट कमी होतो. एका सेकंदाच्या २४ लाख मापांची सरासरी घेतली, तर तो हजारात एकाहूनही कमी उरतो. ज्याला आणखी बारीक पाहायचे असेल त्याने आणखी थांबावे. घाईला या शास्त्रात सूट नाही.

तिसरी गोष्ट स्वतःच्या यंत्राचा संशय. एरियल काढून त्याच्या जागी तितक्याच विरोधाचे एक मुके टोपण लावून पुन्हा नोंद घ्यायची. आता बाहेरचे काही आत येत नाही, तरी खरखर उरतेच. ती यंत्राची स्वतःची. ही झाली रिकाम्या भांड्याची. एरियल लावल्यावर ती जितकी वाढली तितकी बाहेरची. यंत्राचा आवाज वाढवण्याची खुंटीही जपून ठेवावी लागते. फार कमी ठेवली, तर ० ते २५५ च्या पायऱ्या इतक्या जाड ठरतात की लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोने तोलावे तसे होते. फार वाढवली, तर मोठी स्टेशने यंत्राला गुदमरवतात आणि नसलेली स्टेशने नोंदीत दिसू लागतात. आणि ही खुंटी आपोआप वरखाली होणारी असेल, तर ती आधी बंद करायची. कारण माप घेताना काटाच हलू लागला तर दोन मापांची तुलना कशाशी करणार?

या सगळ्यानंतर त्या विद्यार्थ्याने घरचा गोंगाट मोजला आणि तो फार निघाला. मग त्याने घराचा मेन स्विच बंद केला. खालून आईची हाक आली, "काहून रे, लाइन गेली का?" तिची मालिका ऐन रंगात आलेली. लाइन गेली नव्हती, चिरंजीवांनी घालवली होती. संगणक बॅटरीवर चालत होता, आणि पडद्यावरची खरखरीची रेघ एकदम खाली बसली. मग एकेक दिवा, एकेक पंखा, एकेक उपकरण सुरू करीत तो पाहू लागला. पंखे निर्दोष सुटले. दोन दिवे दोषी ठरले. सर्वांत मोठा अपराधी निघाला त्याच्याच संगणकाचा चार्जर! मातोश्रींनी हा निकाल शांतपणे ऐकला आणि मालिका पुन्हा लावली.

यात आश्चर्य असे काही नाही. हल्लीचे चार्जर, एलईडी दिवे, सौर पट्ट्यांचे इन्व्हर्टर यांच्या पोटात विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप चालते. त्याने वीज वाचते, पण दर उघडझापीबरोबर थोडी खरखर हवेत सांडते. चांगल्या बनावटीच्या वस्तूत ती अडवायला गाळणी बसवलेली असते. स्वस्तात पहिली काट बसते ती गाळणीवर. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा घरोघरी लखलखतात, तेव्हा डोळ्यांना न दिसणारी दुसरी एक रोषणाई हवेत चाललेली असते. फटाक्यांच्या आवाजाबद्दल आपण बोलतो. या आवाजाबद्दल बोलणार कोण? तो आपल्या कानांना ऐकूच येत नाही.

पुढे एका रविवारी हीच सामग्री घेऊन तो गावाबाहेर एका मामा तलावाच्या पाळीवर गेला. पाण्यात कमळे, पलीकडे धानाचे बांध, विजेचा खांब दूर. तिथली रेघ गच्चीवरच्या रेघेच्या कितीतरी खाली होती. गच्चीवर खरखरीत बुडालेली बारीक स्टेशने तिथे डोके वर काढून बसली होती. एरियल तेच आणि यंत्रही तेच होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने अशा ठिकाणांची प्रतवारीच करून ठेवली आहे. शहर, वस्ती, गाव आणि निवांत गाव. लघुलहरींच्या प्रदेशात शहर आणि गाव यांच्या गोंगाटात त्यांनी सुमारे १० डेसिबलचे, म्हणजे जवळजवळ दसपट अंतर धरले आहे. निवांत गाव तर त्याहून पुष्कळ खाली. पण ही कोष्टके मुख्यतः १९७० च्या दशकातल्या मोजमापांवर उभी आहेत, आणि तेव्हा घरोघरी चार्जर नव्हते. शांतता किती उरली आहे हे कळायला जुने कोष्टक पुरत नाही. जागेवर जाऊन मोजावेच लागते.

येथवर झाली एका माणसाची हौस. पण हीच रीत आपल्याच राज्यात फार मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तिथे प्रश्न हौसेचा राहत नाही. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडद म्हणून गाव आहे. तिथे आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० प्रचंड थाळ्या उभ्या आहेत. त्यांतल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरत गेलेल्या. सबंध पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, लोकांच्या तोंडी जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून आणि चिकाटीतून ती उभी राहिली आणि २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून थाळ्या हलक्या आणि स्वस्त करण्याची युक्ती त्यांची.

जागा खोडदची का? इतर कारणे आहेत, पण एक मोठे कारण म्हणजे तिथली रेडिओ-शांतता. माणसांची वर्दळ कमी, कारखाने दूर, आणि भोवती डोंगरांचा आडोसा. या दुर्बिणीला जे ऐकायचे ते इतके क्षीण असते, की त्याच्या मोजणीसाठी ज्या एककाला जान्स्कीचे नाव दिले आहे, ते लिहायला दशांशचिन्हानंतर २५ शून्ये द्यावी लागतात आणि मग एक. चंद्रावर एक साधा मोबाइल फोन नेऊन चालू केला, तर तो आकाशातल्या बहुतेक सगळ्या रेडिओ-स्रोतांहून या दुर्बिणीला ठळक दिसेल! चंद्र तर दूर राहिला. आपले फोन शेजारच्या बांधावर असतात.

गच्चीवरचे ते यंत्र करते, तेच तत्त्वतः इथेही होते. २०१० च्या सुमारास इथल्या जुन्या, खास घडवलेल्या यंत्रसामग्रीचे काम साध्या संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरने हाती घेतले. थाळ्यांवर येईल त्याचे आकडे करायचे, आणि लागल्यास कच्चे आकडे तसेच साठवून मागाहून हवे तसे चाळायचे. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले तेव्हा पट्टा पुष्कळ रुंद झाला. आणि रुंद फटीतून धूळ अधिक येते हे आपण पाहिलेच. त्यामुळे गोंगाट ओळखून बाजूला काढणारे कार्यक्रमही अधिक चाणाक्ष करावे लागले.

या चाळणीतून काय निघते ते एकाच उदाहरणावरून सांगतो. आकाशात काही मृत तारे आहेत, ते भोवऱ्यासारखे फिरतात आणि ठरल्या ठेक्याने रेडिओचे ठोके पाठवतात. त्यांना पल्सार किंवा स्पंदक तारे म्हणतात. पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला सापडला. तिच्या दुर्बिणीची लेखणी रोज सुमारे शंभर फूट कागद रंगवीत असे, आणि तो सगळा डोळ्यांखालून घालणे हे तिचे काम. त्यातला अर्ध्या इंचाहूनही लहान असा एक फराटा तिला खटकला. ताऱ्यासारखाही नाही आणि माणसांच्या गोंगाटासारखाही नाही. नेहमीचा गोंगाट कसा दिसतो हे तिला पाठ होते, म्हणूनच हा फराटा तिच्या नजरेत आला. तो १.३३ सेकंदांच्या ठेक्याने पडत होता.

आज या पल्सारांचा घड्याळांसारखा उपयोग होतो. २९ जून २०२३ रोजी युरोपातल्या आणि भारतातल्या शास्त्रज्ञांच्या गटांनी २५ पल्सारांच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींवरून जाहीर केले, की विश्वात सर्वत्र मंदपणे लहरणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा हाती येत आहे. एका लहरीला यायला जायला वर्षेच्या वर्षे लागतात अशा या लहरी. भारतीय गटाच्या नोंदी जीएमआरटीच्या. त्यांचे महत्त्व कशात होते? पल्सारचे ठोके अंतराळातल्या विद्युत्कणांच्या धुक्यातून येताना रेंगाळतात, आणि कमी कंपनसंख्येचे ठोके अधिक रेंगाळतात. जीएमआरटी कमी कंपनसंख्येवर ऐकते, त्यामुळे हे धुके किती दाट होते, याचे माप ती फार बारकाईने देते. म्हणजे भारतीय शास्त्रज्ञांनी जी मोलाची भर घातली, ती मुख्यत्वे गोंगाटाचा धडा नीट करण्याची! प्रत्येक पल्सारच्या स्वभावाचा गोंगाट वेगळा, वाटेतल्या धुक्याचा वेगळा, यंत्राचा वेगळा. तो फेडून घेतल्यावर जे उरले, त्याला त्यांनी लहरींचा 'पुरावा' म्हटले, 'सिद्धता' म्हटले नाही. गोंगाट मोजलेला असल्यामुळे शब्दही मोजून वापरता आले.

आता या शांततेची किंमत पाहा. पुणे–नाशिक रेल्वेचा मूळ आखलेला मार्ग चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा जात होता. विजेवर धावणारी गाडी वरच्या तारेला घासत जाते, ठिणग्या पडतात, आणि ठिणगी म्हणजे रेडिओच्या सगळ्या पट्ट्यांवर एकदम झालेली ओरड. २०२४ च्या अखेरीस रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी या दुर्बिणीचे कारण देऊन मार्ग बदलावा लागेल असे सांगितले. मूळ मार्गावरच्या गावांना हे सहज पटलेले नाही, आणि त्यांना दोष देववत नाही. नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा रेल्वेने जावा, पोरांना पुण्याला शिकायला-नोकरीला सोय व्हावी, ही इच्छा काय वावगी आहे? रेल्वेची वाट पाहणे म्हणजे काय, हे विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या बाजूला अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही; आणि नेली, तरी तिथेही उद्या चार्जर आणि ठिणग्या पोचणारच.

या वादाचा निकाल देण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकाला नाही. पण तो वाद ज्या रीतीने व्हावा, ती रीत मात्र आम्हांला याच शास्त्रात दिसते. गाडी किती अंतरावरून गेली तर किती खरखर होईल, डोंगर किती अडवील, तारेच्या जोडणीत सुधारणा केली तर किती घटेल, हे सारे मोजता येण्याजोगे आहे. मोजलेले आकडे गावकऱ्यांपुढे त्यांच्या भाषेत मांडले, तर 'विज्ञान विरुद्ध विकास' अशी नुसती आरोळी उरणार नाही. ज्यांनी आपल्या शिवारातली शांतता देशाला दिली, त्यांना तिची किंमत आणि तिचे फळ दोन्ही समजण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि गावोगावची मुले थाळ्या पाहायला येतात. सुरुवात म्हणून ती चांगली आहे. ज्या कुटुंबांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा जाऊन यावे. मोबाइल मात्र बंद ठेवावा.

आणि जाणे जमले नाही, तर घरच्या घरी एवढे करावे. माळ्यावर जुना मध्यमलहरींचा रेडिओ असेल, तर तो उतरवून सेल घालावेत आणि दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर लावून घरभर फिरावे. कोणत्या दिव्याजवळ, कोणत्या चार्जरजवळ ती वाढते ते मुलांना शोधू द्यावे. पुढच्या खेपेस दिव्यांची माळ किंवा चार्जर घेताना दहा-वीस रुपये अधिक मोजून बरा माल घ्यावा, एवढा तरी निष्कर्ष त्यातून निघेल. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, दंडार, भोंगे, हाका यांचा एकच कल्लोळ. त्या कल्लोळातही हरवलेल्या पोराचा आवाज आईला नेमका ऐकू येतो. मंडईचा गलका तिच्या कानाच्या ओळखीचा असतो, म्हणून त्यात न बसणारा एक बारीक स्वर तिला वेगळा काढता येतो. खोडदच्या थाळ्यांचे काम याहून फारसे निराळे नाही. त्यांचा गलका त्यांच्या ओळखीचा राहावा आणि फार वाढू नये, एवढीच त्यांची आपल्याकडे मागणी आहे.